आत्या, तीन इंजिने आणि रामनगरची वाळू

कराचीहून

काशीला कसे जावे हे सांगणारी पुस्तके आपल्याकडे ढिगाने आहेत. गाडी कुठे बदलावी, कोणत्या धर्मशाळेत ढेकूण कमी, पंड्याने गाठले तर काय बोलावे, सगळे त्यांत सापडते. मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण मी काशीला आभाळातून गेलो. इथले माझे मित्र म्हणतात, तू काशीत आभाळातून पडलास. आमच्या विमानाच्या कप्तानाला हा शब्द चालायचा नाही. तो म्हणेल, उतरलो. पडणे आणि उतरणे यांच्यामध्ये माणसांची किती अक्कल आणि किती धीर खर्च होतो, ते मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिले. ज्यांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी कराचीत वकिली करतो. येसूआत्या ही माझ्या वडिलांची बहीण. माझी आई मी रांगत असतानाच गेली, तेव्हापासून आत्याने मला वाढवले, मारले, शिकवले आणि अजूनही मी कोर्टात निघालो की कोटाची बटणे तीच तपासते. गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी नळी लावून ऐकले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. जिने चढायचे नाहीत, उपास नकोत, पहाटे गार पाण्याची आंघोळ नको. आत्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवसापासून उपास वाढवले. थोडेच दिवस उरले असतील तर पुण्य घाईने गोळा केले पाहिजे, असे तिचे म्हणणे. मग एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "वसंता, मला काशीला नेऊन सोड. तिथे मरते." येताना मेथी आण म्हणावे, इतक्या सहज.

मी तिला मरायला पोचवायला निघालो होतो, हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थबकतो. पण आत्यापुढे माझी वकिली आजवर कधी चाललेली नाही.

आगगाडीने जायचे तर सिंधचे वाळवंट ओलांडून दिवसचे दिवस धूळ आणि धक्के. डॉक्टर म्हणाले, त्या गाडीतून त्या पोचायच्या नाहीत. तेव्हा कोणीतरी विमान सुचवले. कराचीहून एक कंपनी जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद करत कलकत्त्याला विमाने पाठवते. अलाहाबादला उतरले की मोटारीने काशी. मला वाटले होते, आत्या ऐकताक्षणी कानांवर हात ठेवील. ती फक्त एवढेच म्हणाली, "विमानात सोवळ्याचं काय?" मी म्हणालो, "जमिनीलाच स्पर्श नाही, मग विटाळ कुठून चढणार?" हा मुद्दा तिला पटला. माझा तिच्यासमोर जिंकलेला हा पहिला खटला, आणि तोही मला हरायचा होता.

दिल्लीहून पुढे

विमान आतून एखाद्या अरुंद दिवाणखान्यासारखे होते. दोन्ही बाजूंना वेताच्या खुर्च्या, खिडक्यांना पडदे, आणि कानांत घालायला दिलेला कापूस. एक इंजिन नाकावर आणि दोन्ही पंखांखाली एकेक, अशी तीन इंजिने. ती सुरू झाली की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागते. आमच्याबरोबर दोन गोरे साहेब आणि कलकत्त्याचे एक मारवाडी शेटजी होते. शेटजी जमीन सोडल्यापासून डोळे मिटून बसले होते. पुढच्या केबिनमध्ये कप्तान, उंच, लाल मानेचा इंग्रज, आणि त्याच्या शेजारी दुय्यम वैमानिक फ्रामजी, मुंबईचा पारशी. आम्ही मराठी बोलतो हे ऐकून फ्रामजी खूश झाला आणि दर मुक्कामाला आत्याची चौकशी करू लागला.

आत्या मात्र विमानात अशी बसली होती, की जणू जन्मभर हेच करत आली आहे. मांडीवर पाण्याचा तांब्या, पदरात दशम्या. जोधपूरच्या वर आम्ही एका ढगात शिरलो तेव्हा तिने खिडकीच्या काचेवर बोट फिरवून पाहिले आणि माझ्या कानात ओरडली, "ओलं नाही रे!" ढग ओला नसतो ही तिची तक्रार दिल्लीपर्यंत चालू होती.

दुसऱ्या दिवशी कानपूर सोडल्यावर खाली धुके पसरले. पौष महिना. अलाहाबाद आले असे फ्रामजीने येऊन सांगितले, पण खाली पाहावे तर पिंजलेल्या कापसाची गादी. ना गाव दिसे, ना नद्या. कप्तानाने दोन घिरट्या घातल्या आणि मग सरळ पूर्वेकडे नाक वळवले. पुढे गयेला उतरू, तिथून तुम्हाला आगगाडीने मागे पाठवू, असा निरोप आला. मी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, "मग काशी वरून दिसेल की नाही?"

दिसली. धुके विरळ होत गेले आणि खाली गंगा वळताना दिसू लागली, तिच्या एका काठाला दगडी घाटांची लांब रांग, दुसऱ्या काठाला नुसती पांढरी वाळू. आत्याने हात जोडले. नेमक्या त्याच वेळी नाकावरच्या इंजिनाने दोनतीन ठसके दिले, काहीतरी फाडकन तुटल्याचा आवाज झाला आणि पुढच्या काचेवर काळे तेल पसरत गेले.

काशीच्या वर

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, अशी माझी समजूत होती. तसे काही होत नाही. आधी फक्त आवाज कमी होतो. मला सर्वांत जास्त भीती त्या कमी झालेल्या आवाजाची वाटली.

केबिनचे दार उघडे होते, त्यामुळे मला आतले दिसत होते. कोणीही ओरडत नव्हते. धावपळ नव्हती. कप्तानाने बाजूची काच सरकवली आणि मान बाहेर काढून, गार वाऱ्यात डोळे बारीक करून तो विमान चालवू लागला, कारण समोरची काच तेलाने आंधळी झाली होती. फ्रामजीने एका कळीवर हात ठेवला, पण ती लगेच ओढली नाही. त्याने कप्तानाकडे पाहिले, बोट दाखवले, कप्तानाने मान हलवली, आणि मगच त्याने ती ओढली. घाईत चालू असलेलेच इंजिन बंद करणारे लोकही असतात, असे त्याने मला नंतर सांगितले. म्हणून एकाने दाखवायचे आणि दुसऱ्याने हो म्हणायचे, मगच हात चालवायचा.

थोड्या वेळाने उजव्या पंखाखालचे इंजिनही थरथरू लागले. माझ्या हातातल्या पेल्यातले पाणी त्याच्याबरोबर थरथरत होते. फ्रामजी मागे आला आणि कमरेत वाकून प्रत्येकाच्या कानात सांगू लागला, की आपण नदीकाठी वाळूवर उतरणार आहोत, सगळ्यांनी शेपटाकडे मागे जाऊन खाली बसायचे आणि एकमेकांना घट्ट धरायचे. वाळूत चाके रुतली तर विमान नाकावर उलटते. वजन मागे असले तर शेपूट खाली राहते. साहेब उठले. शेटजी डोळे मिटूनच उठले.

आत्या उठली नाही. तिने फ्रामजीला विचारले, "वाळूवर म्हणजे कुठे?"

"नदीच्या पल्याड, बाई. रामनगरच्या बाजूला."

"मग मी उतरत नाही," आत्या म्हणाली.

इथे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. काशीत मेला तो सुटला. पण समोरच्या काठावर, रामनगरच्या अंगाला जो मेला, तो पुढच्या जन्मी गाढव होतो, अशी आपल्या लोकांची पक्की समजूत आहे. मोक्ष आणि गाढव यांच्यामध्ये फक्त नदीचे पात्र. आत्या कराचीहून त्या एका काठासाठी निघाली होती आणि विमान दुसऱ्या काठाकडे वळत होते.

"त्याला सांग, अलीकडे उतरव," ती मला म्हणाली. "घाटावर."

मी तिला ओरडून सांगितले की घाटावर पायऱ्या आहेत, देवळे आहेत, माणसे आंघोळ करत आहेत. ती म्हणाली, "मग पाण्यात. पाणी चालेल." मरणाच्या दारात मी माझ्या आत्याशी कोणत्या काठावर मरायचे याचा वाद घालत होतो. मला हसू फुटले, आणि पाठोपाठ रडूही.

फ्रामजीला वेळ नव्हता. तरी तो माणूस तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाई, आज कोन मरनार नाय. मरनारच नाय, तर बाजू कोनती, काय फरक?"

"लिहून देतोस?"

"लिहायला टाइम नाय. हात देतो." आणि त्याने हात पुढे केला. तेलाने काळा झालेला पारशाचा हात. आत्याने तो धरला. सोवळ्याचे नाव काढले नाही. त्या हाताला धरूनच ती उठली आणि मागे येऊन माझ्याजवळ बसली.

कप्तानाने वाळूवरून अगदी खालून एक फेरी मारली. मग विमान लांब वळण घेऊन परत आले, दोन्ही इंजिने जवळजवळ गप्प झाली, वाऱ्याचा नुसता सूं सूं आवाज राहिला आणि पाणी खिडकीच्या इतके जवळ आले की एका नावेतला माणूस आ वासून वर पाहताना मला दिसला. एक धक्का बसला, मग दुसरा, मग खरखर. डावे चाक कुठेतरी मऊ जागी शिरले, विमान गिरकी घेऊ लागले, शेपूट आमच्यासकट वर उचलले गेले. ते वरच थांबले. आता उलटते, असे वाटण्याइतका वेळ थांबले. मग धप्पकन खाली आले.

आत्याच्या तांब्यातले पाणी शेटजींच्या डोक्यावर सांडले होते. त्यांनी डोळे उघडून विचारले, "गया आ गया?"

वाळूवर

कप्तान खाली उतरला, टोपी काढून त्याने आम्हा सगळ्यांची गैरसोयीबद्दल माफी मागितली, आणि मग चाकांच्या खुणांच्या बाजूने मागे चालत गेला. बराच वेळ तो त्या खुणांकडे पाहत होता. विमान पाण्याच्या कडेची ओली, काळसर वाळू धरून धावले होते. तिथून हातभर बाजूला कोरडी पांढरी वाळू होती. मी तीत पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत गेला.

पण आम्हाला हे पाहायला फुरसत नव्हती. आत्याचे ओठ निळसर पडले होते. ती वाळूवर पाय टेकायला तयार नव्हती, आणि माझी खात्री झाली होती की ही आता इथेच जाणार. आयुष्यभर एवढे केले, आणि शेवटी गाढवाचा काठ. मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही असे नेहमी सांगत असतो. त्या क्षणी मी पुरेपूर मानत होतो.

कलिंगडाचे वेल लावणारे काही लोक धावत आले आणि त्यांच्यामागून सरजू नावाचा मल्लाह, तोच तो नावेतला. कप्तानाने विमान झाकायचे कॅनव्हास काढले, चार कोपऱ्यांना चार माणसे लावली, पाचवा स्वतः मधून आधार द्यायला. आत्याला झोळीत घालून नावेत ठेवले.

"जल्दी उस पार," मी सरजूला म्हणालो.

"घबड़ाईं मत बाबू," तो म्हणाला, "माई के पहुँचा देब."

मी आत्याची नाडी धरून बसलो होतो. ती काशीच्या काठाकडे टक लावून पाहत होती. पात्र ओलांडून नाव घाटाच्या पायरीला लागली तेव्हा तिने हात पुढे करून त्या ओल्या दगडाला लावला, आणि डोळे मिटले. मेली नाही. झोपली.

भोसले घाट

नागपूरकर भोसल्यांच्या दगडी वाड्याच्या मागच्या गल्लीत दिनकरशास्त्र्यांचे घर आहे. त्यांच्याकडे उतरायचे आधीच ठरले होते, फक्त आम्ही कुठल्या बाजूने येऊ याची त्यांना कल्पना नव्हती. कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेले घराणे. घरात मराठी, पण तिच्यात हिंदीचे तिळगूळ पेरलेले. "अहो, आधी आत या, बाहेर ठंड किती आहे," शास्त्र्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्या म्हणाल्या. "चहा पिऊन घ्या, मग परेशानीचं बोलू." त्यांची नातवंडे आजीला मराठीत उत्तर देत आणि आपसांत हिंदीत भांडत.

पुढचे दिवस मी घाटांवर हिंडलो. शिंदे घाटापाशी पाण्यात कलंडलेले देऊळ पाहिले. सकाळी गल्लीत मलइयो घेऊन येणारा असतो. दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, कुल्हडात भरलेला. तोंडात घातला की काही खाल्ले असे वाटतच नाही, फक्त गोडी उरते. आत्याने एक कुल्हड संपवला आणि म्हणाली, "ढग असा असायला हवा होता." आमच्या कराचीत दूध आटवतात ते खवा होईपर्यंत. इथे त्याचा वारा करून खातात.

विमान वाळूवरच होते. कलकत्त्याहून मिस्त्री आणि सामान यायचे होते. कप्तान छावणीच्या हॉटेलात, पण फ्रामजी बहुतेक वेळ विमानापाशी, आणि दुपारी जेवायला आमच्याकडे. पहिल्या दिवशी काकूंनी त्याचे पान ओसरीवर मांडले, कारण स्वयंपाकघरात परजात येत नाही. आत्याने काही न बोलता आपले पानही ओसरीवर आणायला लावले. काकू माझ्याकडे पाहू लागल्या. मी दुसरीकडे पाहू लागलो.

तिथेच आत्याने त्याची उलटतपासणी सुरू केली. काय झाले, कसे झाले, तिघांतले एक गेल्यावर उरलेल्यांचे काय. फ्रामजीने ताटाभोवतीच्या तीन वाट्या ओळीत मांडल्या आणि मधली पालथी घातली.

"हे गेला. तेलाची नळी फुटली. आता बंद केला तरी त्याचा पंखा वाऱ्याने फिरत ऱ्हातो, नी उलटा ब्रेक लावतो. तर मानूस काय करते? ऱ्हायलेल्या दोघांना जोरात पळवते. लवकर पोचू म्हनून."

"बरोबरच आहे," आत्या म्हणाली.

"नाय बाई, तिथेच मरते. ते दोघे तापतात. एक गेला तर तीन जातात." त्याने उजवी वाटी बोटाने हलवली. "हा आमचा तापायला लागलाच होता. कप्तानने त्याच्याकडून काम कमी केला. विमान हळूहळू खाली जातो तर जाऊ दे. उंची सोडायची, पन इंजिनाला मारायचा नाय. नी ते जिवंत हाय तोपर्यंतच जागा निवडायची. दोघेपन गेल्यावर जागा तुमाला निवडते."

आत्या पालथ्या वाटीकडे पाहत राहिली. "म्हणजे उरलेल्यांकडून कमी मागायचं."

"कमी मागायचा. मग ते घरी आनतात."

मी विचारले, वारा कुठून आहे हे वरून कसे कळले, कारण वाऱ्याच्या तोंडावर उतरावे लागते असे तो म्हणाला होता. फ्रामजी जरा चाचरला. मग म्हणाला, "धूर पाहिला. मणिकर्णिकेच्या चितांचा. राजघाटच्या पुलाकडे झुकला होता. म्हनून आमी रामनगरकडे तोंड केला."

आमच्या आधी गेलेल्या कोणा अनोळखी माणसांनी जाता जाता आम्हाला वाट दाखवली होती. शास्त्रीबुवांनी पाणी पिता पिता भांडे खाली ठेवले आणि दोन्ही हात जोडले.

त्यानंतर आत्यात फरक पडला, तो माझ्या उशिरा लक्षात आला. ती पहाटे घाट उतरून स्नानाला जाईनाशी झाली. कोमट पाणी मागू लागली. एकादशीला काकूंनी फराळाचे विचारले तर म्हणाली, "वरणभात टाक थोडा." काकू चकित झाल्या. मला वाटले, थकली. शेवट जवळ आला.

शास्त्रीबुवांनी क्षेत्रसंन्यासाचा दिवस काढला होता. काशीत मरायला आलेली माणसे हे व्रत घेतात. एकदा घेतले की काशीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे नाही, मरेपर्यंत. त्या दिवसानंतर मी कराचीला परतणार आणि ती इथे राहणार, असे ठरलेले होते. तो दिवस मी मनातल्या मनात रोज पुढे ढकलत होतो. आत्याने तो उघडपणे ढकलला. "आधी त्या पोराचं विमान उडू दे," ती शास्त्रीबुवांना म्हणाली.

पुन्हा पल्याड

इंजिनाची दुरुस्ती झाली. पण वाळूत उतरणे जितके कठीण तितकेच तिथून उडणे, असे फ्रामजी सांगत होता. धाव कमी पडली तर समोर खाचखळगे, एका बाजूला पाणी. विमानातल्या खुर्च्या, टपाल, पडदेसुद्धा काढून बैलगाड्यांवर लादले आणि पिंपांवर फळ्या टाकून बांधलेल्या हिवाळी पुलावरून अलीकडे आणले. प्रवासी कोणी नाही. फक्त कप्तान आणि फ्रामजी. ओल्या पट्ट्यावर मऊ जागा होत्या तिथे फळ्या आणि सरपत गवताच्या चटया अंथरल्या.

उडायच्या सकाळी आत्या लुगडे नेसून तयार होऊन बसली. "नाव बोलाव," ती मला म्हणाली.

शास्त्रीबुवांनी ऐकले तेव्हा ते खरोखर रागावले. "येसूताई, तुम्ही कराचीहून जिवावर उदार होऊन इथे कशाला आलात? आज दुपारी व्रत घ्यायचं, आणि सकाळी उस पार? तिकडे श्वास थांबला तर मी काय करू? इथे गच्चीवरून सगळं दिसतं."

"दिसतं," आत्या म्हणाली. "पण त्याने मला हात दिला होता, शास्त्रीबुवा. तो उडताना मी गच्चीवर बसू?"

सरजूच्या नावेतून आम्ही निघालो. मी पुन्हा तिची नाडी धरली होती आणि पुन्हा घाबरलो होतो. वाळूवर उतरताना तिने या वेळी कोणाला उचलू दिले नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत, मध्ये थांबत, श्वास घेत ती विमानापर्यंत चालत गेली. फ्रामजी खाली उभा होता. आत्याने त्याच्या कपाळाला कुंकू लावले, मग कप्तानाच्याही. कप्तानाने त्यासाठी टोपी काढून मान बरीच खाली वाकवली.

"आज कोण मरणार नाही ना?" तिने फ्रामजीला विचारले.

तो हसला नाही. "त्या दिवशी मला पन ठाऊक नव्हता, बाई. बोललो खरा."

"मला ठाऊक होतं की तुला ठाऊक नाही," आत्या म्हणाली. "जा."

उजवे इंजिन सुरू झाले, मग डावे, आणि शेवटी नाकावरचे. आधी खोकला, निळा धूर, मग सूर लागला. तिन्ही एकत्र वाजू लागली तेव्हा पायांखालची वाळू कापत होती. विमान हलले. चटया मागे उडाल्या, वाळूचा लोट आमच्या अंगावर आला, मी आत्याला पाठीशी घेतले. ती माझ्या काखेतून पाहत होती. शेपूट उचलले गेले, एक चाक सुटले, पुन्हा टेकले, पाण्याच्या कडेला फवारा उडाला. कलिंगडाच्या वाफ्यांपाशी उभे असलेले लोक दोन्ही बाजूंना पळाले. आणि वाफे यायच्या जरा आधी विमान आणि जमीन यांच्यामध्ये उजेड दिसला. बोटभर, मग हातभर. मग ते गेले. घाटांवर माणसेच माणसे होती, आणि त्या सगळ्यांचा हुंकार नदीवरून आमच्यापर्यंत आला. एवढे लोखंड, एवढे लाकूड आणि ती दोन माणसे, आभाळात. मी तोंड उघडे टाकून पाहत होतो. आजही त्याची आठवण झाली की मला लहान झाल्यासारखे वाटते.

परतताना सरजूने वल्ही जोरात मारायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, "सावकाश चल रे बाबा. घाई नाही."

दुपारी शास्त्रीबुवांनी घाटाच्या वरच्या ओट्यावर सगळी तयारी केली होती. पाट, ताम्हन, पळी, दर्भ. पंचपात्रातले पाणी गंगेचे. आत्या पाटावर बसली. मी तिच्या मागे उभा होतो आणि गंगेकडे पाहत होतो, कारण तिच्याकडे पाहणे मला जमत नव्हते. शास्त्रीबुवांनी तिच्या ओंजळीत पाणी घातले आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. देश, काळ, नदी, गोत्र, नाव. कशासाठी, ते सांगायची जागा आली तेव्हा क्षेत्रसंन्यासाचे शब्द उच्चारून ते थांबले, तिने मागोमाग म्हणावे म्हणून.

ओंजळ तशीच धरून ती बसली होती.

"ताई?" शास्त्रीबुवा म्हणाले.

"मला घरी जायचंय," आत्या म्हणाली. "वसंताबरोबर. सावकाश गेले तर पोचेन मी."

शास्त्रीबुवांच्या हातातली पळी तशीच राहिली. ज्यांच्या बापजाद्यांनी या ओट्यावर माणसांना मरणाचेच संकल्प सांगितले, त्या दिनकरशास्त्र्यांनी ती सावकाश ताम्हनात ठेवली. मग त्यांनी पाटावर मांडी नीट केली, घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. देश, काळ, नदी, गोत्र, नाव. त्या जागी आल्यावर ते सावकाश म्हणाले, "सुखरूप स्वगृही पोचण्यासाठी. म्हणा."

आत्याने म्हटले. मग तिने ओंजळीतले पाणी ताम्हनात सोडले.